पकडणाऱ्याचा हात

जनावराचा एक्स-रे काढायचा म्हणजे त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. माणसाला सांगता येतं, श्वास रोखा, हलू नका. मांजराला काय सांगणार, कपाळ? म्हणून आमच्या दवाखान्यात नियम आहे, ज्याचं जनावर त्यानेच धरायचं. मी मालकाला शिशाचा एप्रन घालते, कोपरापर्यंत येणारे शिशाचे हातमोजे देते, पाय कसा ताणायचा ते दाखवते आणि पडद्यामागे जाऊन पायाने बटण दाबते. पण लोक हातमोजे काढून टाकतात. "अहो ताई, माझा हात नाही लागला तर घाबरेल हो तो." मग फिल्मच्या कडेला त्यांची बोटं उमटतात. कुत्र्याच्या मांडीशेजारी माणसाची चार बोटं. एकोणीस वर्षांत अशी शेकडो बोटं मी बघितली आहेत.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला वेडी ठरवायला नको. फिल्मवर माणसाचा हात दिसणं आमच्याकडे रोजचं आहे.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या. पुढे बाकं टाकलेली, मध्ये डॉक्टरांचं टेबल, मागे माझी एक्स-रेची खोली आणि तिला लागून कपाटाएवढी अंधारी खोली. माणसांच्या इस्पितळाने नवीन मशीन घेतलं तेव्हा त्यांचं जुनं आम्ही आणलं. फिल्म अजून हाताने धुवावी लागते. लाल दिवा, तीन टाक्या, डेव्हलपर, पाणी, फिक्सर. तिथल्या वासाची इतकी सवय झाली आहे की सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं वाटतं.

डॉक्टरांची सत्तरी जवळ आली आहे. एक कान अधू आणि जीभ तिखट. जनावर कसं पडलं हे ते मालकाला कधीच विचारत नाहीत, कधी पडलं तेवढंच विचारतात. "कसं ते हाड सांगेल," म्हणतात. "हाडाला खोटं बोलता येत नाही, कारण त्याला तोंड नाही."

तर सहा वर्षांपूर्वी एक माणूस बुटांच्या खोक्यात कबुतर घेऊन आला. पुलापाशी त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. उंच, सावळा, बोलणं असं की ऐकत राहावं. "ताई, दोन दिवस पाणीसुद्धा प्यायलं नाही हो हे," म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मी पस्तीस वर्षांची होते. माझ्यासमोर कुणा पुरुषाचे डोळे भरून यायची ती पहिलीच वेळ, मग ते कबुतरासाठी का असेनात. त्याची बोटं लांब, संथ होती. घाई नावाला नाही. बारीक स्प्रिंग बसवता बसवता तशी झाली असणार. तो रोज पट्टी बदलायला यायचा. माझं बंद पडलेलं घड्याळ घेऊन गेला आणि चालू करून आणलं. मी रोज केस धुऊन दवाखान्यात यायला लागले. आता सांगायला लाज कसली?

पाचव्या दिवशी मी डबा घरी विसरले. तो द्यायला माझी धाकटी बहीण आली.

तिला आम्ही बारकी म्हणतो. नावाप्रमाणेच, बारीक चणीची, बारीक आवाजाची, हसली की समोरचा विरघळलाच. बाकावर तो होता, मांडीवर खोकं होतं. ती वाकून बघायला लागली. "अय्या, किती गोड!" झालं. आठ महिन्यांनी त्यांचं लग्न. आणलं मी, नेलं तिने.

लोक म्हणतात, ही बहिणीवर जळते. जळते तर जळते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लहानपणापासून हेच चाललंय. आईची एक अंगठी होती, साधं सोन्याचं गुळगुळीत वळं. थोरली म्हणून ती माझीच व्हायची. पण माझी बोटं जाड, त्यातून उजवी करंगळी जन्मापासून आत वाकलेली. "हिचं बरं आहे, वाकड्या बोटाने तूप निघेल," म्हणून आई चारचौघांत हसायची. अंगठी माझ्या अनामिकेच्या पेरावर अडली. बारकीच्या बोटात सुळकन गेली. "तिलाच राहू दे गं," आई म्हणाली. गोष्ट एवढीच. पण जेवताना, भांडी घासताना, त्याच्या खांद्यावर हात ठेवताना ती अंगठी माझ्या डोळ्यांसमोर चमकायची, आणि मी म्हणायचे, राहू दे गं.

कबुतराची फिल्म डॉक्टरांनी तेव्हा बराच वेळ उजेडावर धरली होती. "हा पंख पडून नाही मोडला. पडून हाड आडवं तुटतं. ही रेघ बघ, जिन्यासारखी गोल फिरत गेलीय. कुणीतरी पिळलाय."

"टवाळ पोरांनी केलं असेल," मी म्हणाले.

"असेल," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून ते त्याला गोडबोल्या म्हणायला लागले. मला फार राग यायचा.

*

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तो त्यांच्या घरचं मांजर घेऊन आला. पांढरं, एक कान काळा. पुढचा पाय लोंबत होता. कपाटावरून पडलं, म्हणाला. मी नेहमीसारखा एप्रन दिला, हातमोजे दिले. त्याने ते नीट चढवले. एवढ्या वर्षांत हातमोजे कधीच न काढणारा हा एकच माणूस. मोडलेला पाय ताणला की कुठलंही मांजर आकांत करतं. हे डोळे मोठे करून गप्प पडून राहिलं होतं.

"ओरडत का नाही ते?" दारातून डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्यावर विश्वास आहे त्याचा," तो म्हणाला. मला किती बरं वाटलं होतं ते ऐकून!

अंधाऱ्या खोलीत फिल्म डेव्हलपरमध्ये सोडली. आधी मांजराचं हाड उमटलं. तीच जिन्यासारखी रेघ. मग कडेला चार बोटं उमटली.

हात थांबला माझा. शिशाच्या हातमोज्यातून किरण जात नाहीत. हातमोजा असला की फिल्मवर नुसता पांढरा गोळा येतो, आत हात आहे की मुळा तेही कळत नाही. इथे बोटांची पेरं मोजता येत होती. आणि अनामिकेत एक वळं होतं. धातू फिल्मवर चुन्यासारखा पांढराफेक दिसतो. त्याच्या हातात अंगठी नव्हती, कधीच नव्हती.

मी काय केलं? जे कुणीही शहाणं माणूस करेल तेच. म्हटलं, एकाच फिल्मवर दोनदा किरण पडले. कॅसेट, म्हणजे फिल्म भरायची चपटी पेटी, बदलायची राहिली असेल, आधीच्या कुणाची तरी बोटं असतील. अशी चूक मी एकोणीस वर्षांत दोनदाच केली आहे, पण केली आहे. डॉक्टरांना फक्त पाय दाखवला, कडेवर अंगठा ठेवून.

घरी येऊन मात्र ते वळं डोळ्यांसमोरून हलेना. ते मला पाठ होतं. आमच्या आईचं होतं ते.

महिनाभरात बारकी आली. उकाड्याचे दिवस होते आणि हिने मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातलेला. चहा नुसता ढवळत बसली.

"ताई, थोडे दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का?"

"का गं?"

"असंच. मांजर गेलं ना. घर खायला उठतं."

"मांजरासाठी नवरा सोडून येतेस? अगं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच."

तिने माझ्याकडे बघितलं, काही बोलणार होती. मी उठून कप विसळायला लागले. खरं सांगू? मला वाटलं, हिला सुख टोचतंय. असा नवरा मला मिळाला असता तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं. हे मी मनात म्हटलं की तोंडाने, ते आता आठवत नाही. ती चहा टाकून निघून गेली.

*

नंतर त्यांनी कुत्रा पाळला. तपकिरी, लांब कानांचा, येईल त्याच्या पायात लोळणारा. सहा महिन्यांनी तो कुत्र्याला उचलून घेऊन आला. मागचा पाय. जिन्यावरून पडला, म्हणाला. या वेळी मी कॅसेट नवी घेतली. फिल्म पाकिटातून स्वतः काढून भरली. त्याचे हातमोजे स्वतः तपासले आणि चढवले. तेवढ्यात त्याच्या मनगटाला माझा हात लागला तर तो हसून म्हणाला, "किती काळजी घेता हो ताई तुम्ही. बारकीला हे जमत नाही." तेवढ्या वाक्यावर मी आठवडाभर जगले.

लाल दिव्याखाली कुत्र्याची मांडी उमटली, आणि तिच्यावर अख्खा पंजा. आता बोटंच नव्हती नुसती, तळव्याची हाडंही होती, मनगटाच्या अलीकडपर्यंत. अनामिकेत अंगठी. करंगळी किंचित आत वळलेली. जनावर आवळून धरलं की करंगळी वळतेच, मी म्हटलं. वळ्यावर एके ठिकाणी बारीक गुठळी दिसत होती. आईचं वळं गुळगुळीत. मग ही गुठळी कसली? फिल्मवर थेंब उडाला असेल, मी म्हटलं. त्या दिवशी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं.

एकच गोष्ट मी कबूल केली, की हा बारकीचा हात आहे. कसा आला ते मला ठाऊक नाही. पण अंगठी तिची होती, घर तिचं होतं, कुत्रा तिचा होता. इथेही हिचाच हात! माझ्या खोलीत, माझ्या फिल्मवर, त्याच्या शेजारी! खोटं कशाला बोलू, घाबरण्याआधी मला रागच आला.

दोन महिन्यांनी तोच कुत्रा परत आला. या वेळी पुढचा पाय. बाकावर तो शांत बसला होता. कुत्रा इतका थरथरत होता की बाकाची एक खिळखिळी फळी वाजत होती.

फिल्म टाकीतून वर काढून मी लाल दिव्यापाशी धरली.

डावीकडे कुत्र्याचा पुढचा पाय. उजवीकडे माणसाचा हात, कोपरापर्यंत. दोन्ही हाडं मनगटाच्या वर पिळून मोडलेली. तीच गोल फिरत गेलेली रेघ, तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच वळणाची. एकावरून दुसरी गिरवावी तशी.

अंगठी होतीच.

डॉक्टर दार न वाजवता आत आले. मी फिल्म पाण्यात बुडवली.

"दाखव," ते म्हणाले.

"काळी पडली. उजेड लागला."

त्यांनी मागे दार लावून घेतलं. "हे बघ. चाळीस वर्षं मी हेच करतोय. मुक्या जिवाला असं पिळणारा माणूस तिथेच थांबत नाही. जनावरावर तो फक्त हात बसवत असतो. आधी मांजर येतं माझ्याकडे, मग कुत्रं येतं, आणि एक दिवस वर्तमानपत्रात त्याच्या बायकोचा फोटो येतो. मला तक्रार करायचीय. तिन्ही फिल्म मला दे."

"तिन्ही खराब झाल्या," मी म्हणाले. पहिल्या दोन माझ्या घरी कपाटात होत्या, कपड्यांखाली, आणि तिसरी समोरच्या पाण्यात.

"तुझी सख्खी बहीण आहे ती," डॉक्टर म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बारकीकडे गेले. तो दुकानात होता. त्यांच्या घरात भिंतीभर घड्याळं आहेत, लोकांनी परत न नेलेली. सगळी चालू आणि सगळी एकाच वेळेवर लावलेली. कुत्र्याची ताटली पालथी घातली होती.

"कुत्रा कुठाय?"

"गेला," ती म्हणाली. कुठे ते सांगितलं नाही.

मी तिच्या बाह्या वर सारल्या. दोन्ही हात धडधाकट. एक ओरखडा नाही. मी दोन्ही मनगटं चाचपली, जनावराची चाचपते तशी.

"तो मला नाही मारत, ताई," ती म्हणाली. "कधी बोटही लावलं नाही. माझ्यावर चिडला की मला खुर्चीवर बसवतो. आणि बघायला लावतो. डोळे मिटले तर पहिल्यापासून सुरू करतो. घाई करत नाही. मधे मधे मला समजावत असतो, हे तुझ्यामुळे होतंय, बारके. मग रडतो, आणि उचलून तुमच्याकडे आणतो. पट्टी बांधून आणलं की रात्रभर मांडीवर घेऊन बसतो." तिचा आवाज जराही हलत नव्हता. "काल विचारत होता, आता घरात कोण उरलं?"

तिच्यासमोर बसून त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, हिच्यापायी एक माणूस एवढा पेटून उठतो. माझ्यापायी कुणी कधी साधा कपसुद्धा फोडला नाही.

मग मी भानावर आले. तिला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता निघ." तिची पिशवी मी भरली. दूरच्या गावी तिची एक मैत्रीण होती, तिकडे जाणाऱ्या बसमध्ये मी तिला बसवलं. त्याला पत्ता कळणार नाही असं वचन दिलं. आणि ते मी पाळलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. बस सुटताना तिने बोटातली अंगठी काढून खिडकीतून माझ्या हातात दिली.

"तुझीच होती ती, ताई. मला ठाऊक होतं."

बस वळणावर दिसेनाशी झाली. मी रडत होते. आणि आतून मला इतकं हलकं वाटत होतं की स्वतःचीच भीती वाटावी. बहिणीचा जीव वाचवला, मी मनाशी म्हटलं. फिल्मवर दिसलेला तिचा हात खरोखर मोडायच्या आधीच ती निघाली. आता संपलं सगळं.

*

आठवड्याने तो दवाखान्यात आला. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी तुटलेली. ती कुठे गेली ते मला विचारलं नाही. बाकावर बसून एवढंच म्हणाला, "घरात सगळी घड्याळं वाजतात आणि ऐकायला कोणी नाही."

मी त्याला चहा दिला.

हो, दिला. सगळं माहीत असून दिला. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, डॉक्टरांनी ते सगळं म्हणून झालंय. पण एकोणीस वर्षं मी चावरी कुत्री हाताळते. कुठल्या जनावराला कुठे धरायचं, कधी आवाज चढवायचा, कधी सोडून द्यायचं, ते मला कळतं. बारकीला काय कळत होतं? ती नुसती बघत बसली, डोळे मिटत बसली. त्याला सांभाळणारं माणूस नव्हतं, म्हणून तो तसा झाला. माझ्या हाताखाली तो वेगळा वागेल. असं मला वाटलं, आणि मनापासून वाटलं.

तीन महिन्यांत तो मला ताई म्हणायचा बंद झाला. नुसतं "ऐकतेस का?" म्हणायला लागला. पाचव्या महिन्यात मी माझी खोली सोडून त्याच्या घरी राहायला गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले, "तुला फिल्म वाचता येते ना गं?"

त्याने मला काही केलं नाही. आवाजही चढवला नाही. सकाळी माझ्याआधी उठून चहा करायचा. एकदा मी ट्रंकेत ठेवलेली अंगठी त्याला सापडली. मला वाटलं, बारकीची आठवण येईल, बिघडेल. तो हसला. माझा उजवा हात हातात घेऊन बोटं एकेक करून बघितली, जशी यंत्राची चाकं बघायचा. "इथे बसेल," म्हणाला. अंगठी दुकानात नेली, कापली, मधे सोन्याचा तुकडा घालून मोठी केली. संध्याकाळी स्वतः माझ्या अनामिकेत घातली. मोजून बसली. मी आरशासमोर उभी राहून किती वेळ तो हात बघत होते! बारकीने बघायला हवं होतं, शेवटी आलीच ना अंगठी माझ्याकडे.

मागच्या महिन्यात तो कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. काळं, पांढऱ्या पंजांचं. "तुला हवं होतं ना?" म्हणाला. मला नको होतं. पण त्याने आणलं म्हणून मी त्याला मांडीवर घेतलं.

परवा रात्री जेवताना मी सहज म्हटलं, बारकीचं पत्र आलंय, बरी आहे. त्याने घास खाली ठेवला. मग एक खुर्ची ओढून भिंतीशी लावली आणि ती हाताने नीट पुसली.

"बस," म्हणाला.

मी आवाज चढवला. तो ऐकत राहिला. मग मी धरलं त्याला, जसं चावऱ्या कुत्र्याला धरतात. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, न दुखवता, आणि मला खुर्चीपाशी नेऊन बसवलं. भिंतीवरची घड्याळं वाजायला लागली. मी डोळे मिटले नाहीत. मला माहीत होतं, मिटले तर काय होतं.

*

आज सकाळी आम्ही पिल्लू घेऊन आलो. पुढचा पाय. डॉक्टर बाहेरगावी आहेत. दवाखान्यात आम्ही तिघंच.

"मी धरतो," तो म्हणाला.

"नको. बाहेर बस."

पिल्लाला मीच धरलं. हातमोजे घातले नाहीत. शिशाचा स्पर्श त्याला सोसला नसता. उजव्या हाताने पाय ताणून कॅसेटवर दाबून धरला, बटण टेबलाखाली ओढून घेतलं आणि पायाने दाबलं. पिल्लू ओरडलं नाही.

मी फिल्म धुतली.

हाड उमटलं, पिळलेलं. बाकी फिल्म कोरी.

मी पुन्हा बघितलं. दिव्याजवळ नेऊन बघितलं. माझी बोटं कॅसेटच्या मधोमध होती. उघडी होती. फिल्मवर ती यायलाच हवी होती. कुठेही नव्हती. पाय जणू कुणी धरलाच नव्हता.

तेव्हा मी त्या जुन्या तीन फिल्म काढल्या. त्याच्या घरी राहायला जाताना मी त्या सोबत नेल्या नव्हत्या, इथे फिक्सरच्या डब्यांमागे आणून ठेवल्या होत्या. तिसरी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि तिच्यावर माझा उजवा हात ठेवला.

पेरावर पेर बसलं. करंगळी आत वळली, जिथे फिल्मवरची वळत होती तिथेच. वळ्यावरची गुठळी अंगठीच्या जोडावर आली. त्याने जिथे नवीन तुकडा घातला होता, नेमकी तिथे. आणि मनगटाच्या वर, माझं हाड अजून धड आहे तिथे, ती पिळलेली रेघ. ही फिल्म मी काढली तेव्हा अंगठी बारकीच्या बोटात होती आणि गुळगुळीत होती.

मी अंगठी ओढली. साबण लावून ओढली. पेरावर अडते.

मागचं दार नाही या खोलीला. खिडकी नाही. उजेड आत येऊ नये म्हणून मीच ती बंद करून घेतली होती.

टेबलावर पिल्लाने मान उचलली. बाहेर फळी वाजली, तो बाकावरून उठला होता. पिल्लू सरपटत माझ्याकडे आलं आणि त्याने डोकं माझ्या उजव्या हाताखाली खुपसलं.

"ऐकतेस का?" तो दाराशी येऊन म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "धरायला येऊ का?"